यंत्र तयार झाले, आता विकायचे कसे? : वाचकांचे प्रश्न

वैद्यकीय उपकरणे स्वतः बनवून बाजारात आणू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. सांगलीच्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातली अडचण बहुतेक नवउद्योजकांना येते.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि माझी पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या सांगण्यावरून मी सलाईन संपत आली की आवाज करणारे छोटे उपकरण बनवले. ते ड्रिप चेंबरला, म्हणजे नळीतल्या थेंब पडणाऱ्या पारदर्शक कुपीला, चिमट्यासारखे बसते. सुट्या भागांचा खर्च ४५० रुपये येतो. पत्नीच्या वॉर्डात दहा नग दोन महिने वापरले आणि आता तीन रुग्णालये ९०० रुपयांना घ्यायला तयार आहेत. कंपनीची नोंदणी झाली, जीएसटी क्रमांकही मिळाला. विक्री सुरू करावी का?

उत्तर : आत्ता करू नये. कंपनीची नोंदणी आणि जीएसटी क्रमांक मिळाल्याने आपण व्यापारी झालात, वैद्यकीय उपकरणाचे उत्पादक झाला नाहीत. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, तेव्हा त्यांच्या कक्षेत मोजकीच उपकरणे होती. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने मात्र बँडेजपासून एमआरआयपर्यंत सगळ्यांनाच औषधांच्या कायद्याखाली आणले. उपकरणांचे चढत्या जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांना (ए वर्गातील काही उपकरणांचा अपवाद वगळता) १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि उरलेल्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला.

आपले उपकरण कोणत्या वर्गात बसते हे आतल्या सर्किटवरून ठरत नाही. ते कशासाठी, कोणी आणि कोणत्या रुग्णावर वापरायचे, हे सांगणारे जे एक वाक्य आपण कागदावर लिहून देता, त्यावरून ते ठरते. आपल्याच उपकरणाबद्दल तीन वाक्ये लिहून पाहू. पहिले, ‘बाटली संपत आल्यावर परिचारिकेला आवाजाने सूचना देणे’. दुसरे, ‘मिनिटाला पडणारे थेंब मोजून आकड्यात दाखवणे’. तिसरे, ‘ठरवून दिलेला वेग राखण्यासाठी नळी आपोआप आवळणे किंवा सैल करणे’. सेन्सर तिन्ही ठिकाणी एकच राहील, परंतु दुसऱ्या वाक्याने आपले उपकरण मोजमाप करणारे ठरते आणि त्या आकड्याच्या अचूकतेची जबाबदारी आपल्यावर येते. तिसऱ्या वाक्याने ते शरीरात औषध सोडणारे विजेवर चालणारे उपकरण होते आणि नियमांच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे किमान बी वर्गात, धोका अधिक असेल तर सी वर्गात जाते. म्हणून माहितीपत्रकात ‘वेगावरही लक्ष ठेवते’ असे तीन शब्द विक्रीच्या उत्साहात घालण्यापूर्वी दहादा विचार करावा. अंतिम वर्ग परवाना अधिकारीच ठरवतात.

आकडा दाखवायचाच असेल तर त्याचा अर्थ तपासा. नेहमीच्या आयव्ही सेटमधून साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, मायक्रोड्रिप सेटमधून ६० थेंबांचा. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची तर पहिल्या सेटने मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडायला हवेत, दुसऱ्याने १२५. सेट बदलला आणि उपकरणाला ते कळले नाही, तर पडद्यावरचा आकडा बरोबर असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष तिपटीने चुकेल.

वॉर्डात वापरले म्हणजे तपासले, असे होत नाही. रुग्णांवर चाचणी करण्यापूर्वी नीतिमत्ता समितीची संमती लागते आणि चाचणीपुरते मोजके नग बनवण्यासाठीही एमडी-१३ हा स्वतंत्र परवाना असतो. आपल्याकडे हे कागद नसतील तर तो वापर ताबडतोब थांबवावा, आणि या दोन महिन्यांच्या नोंदी पुरावा म्हणून कुठेही जोडू नयेत.

खरी तपासणी धोक्यांच्या यादीपासून सुरू होते. आयएसओ १४९७१ हे मानक त्यासाठीच आहे. दुपारचे ऊन खिडकीतून थेट चेंबरवर पडले तर इन्फ्रारेड सेन्सरला थेंब दिसतो का? रुग्ण बाटली हातात धरून शौचालयात गेला, चेंबर तिरके झाले आणि थेंब चेंबरच्या कडेवरून ओघळला तर काय होते? दिवसातून चार वेळा स्पिरिटने पुसल्यावर पॉलिकार्बोनेटच्या आवरणाला केसासारख्या भेगा पडतात, त्या आपण पाहिल्या आहेत का? याहून मोठा धोका मात्र उपकरण स्वतःच निर्माण करते. आज नातेवाईक रात्रभर बाटलीकडे टक लावून बसतात आणि ‘सिस्टर, सलाईन संपली’ म्हणून धावतात. उपकरण आले की ते निर्धास्त झोपतील. त्या रात्री बॅटरी उतरली तर नळीत रक्त उलटे चढून कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) बंद पडेपर्यंत कोणालाच पत्ता लागणार नाही. तेव्हा बॅटरी उतरत आल्याची सूचना ही आपल्या उपकरणात जादाची सोय ठरत नाही, ती त्याची पहिली गरज आहे.

यानंतर विद्युत सुरक्षिततेच्या चाचण्या आयईसी ६०६०१ प्रमाणे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्याव्या लागतील. ए आणि बी वर्गांचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. शुल्क जागेसाठी ५,००० आणि प्रत्येक उपकरणासाठी ५०० रुपये आहे. खरा खर्च चाचण्यांचा आणि गुणवत्ता व्यवस्थेचा असतो. स्वतःचा कारखाना उभारायचा नसेल तर दुसऱ्या परवानाधारकाच्या जागेत उत्पादन करण्यासाठी ‘लोन लायसन्स’ मिळते. आपल्यासारख्या नोकरदाराला तो मार्ग अधिक सोयीचा आहे.

राहता राहिली किंमत. ९०० रुपये हा आकडा आपण सुट्या भागांच्या दुपटीवरून काढलेला दिसतो. त्यात चाचण्या, परत आलेले नग, वितरकाचा वाटा आणि दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाचा एसटीचा खर्चसुद्धा धरलेला नाही. पुढे वाढवू म्हणाल, तर वैद्यकीय उपकरणांची कमाल किरकोळ किंमत बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. सुरुवातीलाच कमी लावलेली छापील किंमत मग वर्षानुवर्षे गळ्यात पडते. शिवाय ‘घ्यायला तयार’ कोण आहे, हेही पाहावे. कौतुक डॉक्टर करतात, वापर परिचारिका करतात आणि पैसे खरेदी विभाग देतो. या तिघांपैकी तिसऱ्याशी आपण अजून बोललेलाच नाहीत, अशी मला शंका आहे.

प्रश्न : मी लातूरमध्ये अस्थिशल्यविशारद आहे. हाडात तार नेमक्या कोनात घालण्यासाठी मी एक मार्गदर्शक साचा बनवला. पाच महिन्यांपूर्वी आमच्या संघटनेच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला आणि त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेची चित्रफीत यूट्यूबवर टाकली. आता पेटंट मिळेल का?

उत्तर : निबंधापुरते आपण बचावू शकता, चित्रफितीने अडकलात. विद्वत्सभेपुढे शोधकर्त्याने स्वतः वाचलेल्या निबंधाला भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३१ बारा महिन्यांची सवलत देते. सर्वांसाठी खुल्या चित्रफितीला तशी सवलत नाही. त्यात साच्याची रचना स्पष्ट दिसत असेल, तर तेवढ्या भागाचे, पेटंटसाठी लागणारे नावीन्य संपले असे समजावे. युरोपात निबंधानेही नावीन्य जाते.

तरीही पेटंट वकिलाला भेटावे. चित्रफितीत न दिसणारी काही गोष्ट असू शकते, उदाहरणार्थ कोन पक्का करणारी आतली खिट्टी किंवा परिषदेनंतर केलेली सुधारणा. तिच्यासाठी प्राथमिक अर्ज लगेच करता येतो आणि संपूर्ण विवरण द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. दावा मात्र साधनाचा करावा. शस्त्रक्रियेच्या पद्धतीला आपल्याकडे कलम ३(आय)प्रमाणे पेटंट मिळत नाही आणि डॉक्टरांचे अर्ज बहुधा पद्धतीचेच वर्णन करत असतात. आपण वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला असाल तर नेमणुकीच्या अटीही आधी वाचाव्यात, कारण शोधाची मालकी संस्थेकडे जात असल्याचे काहींना गुंतवणूकदारासमोर बसल्यावर कळते.

प्रश्न : कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत माझा सीएनसी मशीनिंगचा कारखाना आहे. ओळखीचे एक सर्जन म्हणतात की, हाडाच्या पट्ट्या आणि स्क्रू बनवा, काही शे रुपयांचे स्टील काही हजारांना विकले जाते. आम्ही मोटारीचे भाग दहा मायक्रॉनपर्यंत अचूक बनवतो. हे का जमणार नाही?

उत्तर : मशीनिंग जमेल, यात मला शंका नाही. शरीरात राहणारी पट्टी सी वर्गात येते, तिचा परवाना राज्याकडून मिळत नाही, केंद्र सरकारच्या परवाना प्राधिकरणाकडून घ्यावा लागतो आणि त्याचे शुल्क जागेसाठी ५०,००० रुपये व प्रत्येक उपकरणासाठी १,००० रुपये आहे. पण शुल्क ही किरकोळ बाब आहे. बाजारात ‘३१६ एल’ या प्रकारचे स्टेनलेस स्टील म्हणून मिळणारी प्रत्येक सळई शरीरात घालण्याच्या दर्जाची नसते. तो दर्जा आयएसओ ५८३२-१ मध्ये दिला आहे आणि सळईच्या हीट नंबरपासून (ती ज्या वितळणीतून ओतली तिच्या क्रमांकापासून) रुग्णात बसलेल्या पट्टीपर्यंतचा माग कागदावर दाखवता यायला हवा. मोटारीच्या भागावर चालून जाणारा टूलचा ओरखडा इथे चालत नाही. रुग्ण पाऊल टाकेल तशी पट्टी किंचित वाकते आणि सरळ होते, हे महिनोन्महिने चालते, आणि स्क्रूच्या छिद्राच्या कडेला राहिलेल्या बारीकशा खाचेतून तडा सुरू होतो. पट्टी तुटलेला एक रुग्ण आला की काही हजारांचा तो नफा कुठच्या कुठे जातो.

यात वेळ किती जातो याची कल्पना येण्यासाठी एक जुने उदाहरण देतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली, तेव्हा पहिली तीन मॉडेले साहित्याच्या आणि झिजेच्या अडचणींमुळे बाद झाली. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा सांगाडा आणि पॉलिथिलीनची तबकडी असलेले चौथे मॉडेल टिकले आणि डिसेंबर १९९० मध्ये ते पहिल्या रुग्णात बसवले गेले. संशोधन संस्थेला एक तपाहून अधिक काळ लागला, तर कर्जाचे हप्ते भरणाऱ्या कारखानदाराने पायरीपायरीने जावे हे बरे.

माझा सल्ला असा, की आधी परवानाधारक कंपनीसाठी जॉबवर्क करावे आणि त्या काळात आयएसओ १३४८५ या गुणवत्ता व्यवस्थेच्या मानकाची शिस्त अंगी बाणवावी. त्यानंतर स्क्रूड्रायव्हर, पट्टी वाकवण्याची पकड अशी पुन्हापुन्हा वापरायची हत्यारे स्वतःच्या नावाने काढावीत. निर्जंतुक करून न विकल्या जाणाऱ्या आणि मोजमाप न करणाऱ्या ए वर्गाच्या उपकरणांना ऑक्टोबर २०२२ पासून परवान्याऐवजी ऑनलाईन नोंदणी पुरते. सर्जनशी भागीदारी करणार असाल तर ती लेखी करावी आणि ते स्वतःच्या रुग्णांना तीच पट्टी सुचवणार असतील तर रुग्णालाही ते सांगितले जावे.

प्रश्न : ठाण्यात माझे सर्जिकल साहित्याचे दुकान आहे. परदेशातून रक्तदाब मोजण्याची यंत्रे आणून विकायची आहेत. त्यांवर युरोपातले सीई चिन्ह आहे. ते पुरेसे आहे ना?

उत्तर : नाही. आयातीसाठी केंद्रीय प्राधिकरणाचा एमडी-१५ परवाना आणि विक्री व साठवणुकीसाठी राज्याकडून एमडी-४२ नोंदणी लागते. युरोपातील चिन्ह अर्जाला आधार देते, परवान्याची जागा घेत नाही. ते खरे आहे का हेही पाहावे. युरोपात रक्तदाब मोजणारे विजेवरचे यंत्र उत्पादकाच्या निव्वळ स्वयंघोषणेवर विकता येत नाही, त्यामुळे सीई अक्षरांशेजारी तपासणी संस्थेचा चार अंकी क्रमांक असायला हवा. आपल्या हातातील नमुन्यावर नुसतीच दोन अक्षरे असतील, तर पैसे पाठवण्यापूर्वी त्या पुरवठादाराकडे प्रमाणपत्राची प्रत मागावी.