अँजिओप्लास्टीचे बिल आणि छापील किंमत

प्रश्न : माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी एका खासगी रुग्णालयात झाली. स्टेंटची (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) किंमत सरकारी मर्यादेतच होती; परंतु बलून, कॅथेटर (रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी), गाइडवायर (तिला वाट दाखवणारी तार) आणि ‘कन्झ्युमेबल्स’ (एकदा वापरून टाकायच्या वस्तू) यांची एकत्रित रक्कम स्टेंटपेक्षा अधिक निघाली. विचारणा केली असता, ‘सर्व काही एमआरपीनेच लावले आहे’ असे सांगण्यात आले. यात काही गैर आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एमआरपीपर्यंत आकारणी करणे बेकायदेशीर नाही, आणि खरी अडचण तीच आहे. साबण घेताना आपण दोन दुकानांत भाव विचारू शकतो. कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी जिथे होते त्या कक्षाच्या) टेबलावर झोपलेला रुग्ण कॅथेटर निवडत नाही. निवड रुग्णालय करते आणि पैसे रुग्ण देतो. त्यामुळे रुग्णालयाला स्वस्तात माल देऊन त्यावर चढी किंमत छापणाऱ्या कंपनीचा खप वाढतो, कारण खरेदीची किंमत आणि छापील किंमत यांतील फरक रुग्णालयाच्या पदरात पडतो. स्पर्धेने भाव उतरायचे, ते येथे चढतात.

हा केवळ तर्क नाही. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने (एनपीपीए) २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा सलाइनच्या नळीला जोडण्याचा ‘थ्री-वे स्टॉपकॉक’, म्हणजे प्लास्टिकची एक छोटीशी तोटी, ५ रुपये ७७ पैशांना खरेदी करून रुग्णाला १०६ रुपयांना लावल्याचे आढळले. नफा १,७३७ टक्के, आणि तोही छापील किमतीच्या आतच.

स्टेंटचीही पूर्वी हीच कथा होती. दिल्ली उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये (कर वगळून) ही कमाल किंमत ठरली. ती घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलत असल्याने चालू आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवरही मर्यादा आली. बाकीच्या बहुतेक उपकरणांबाबत मात्र नियम एवढाच की, एमआरपी १२ महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. सुरुवातीलाच ती कितीही छापली, तर हा नियम काय करणार?

आपण बिलाची तपशीलवार प्रत मागावी. स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे दाखवणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. एखाद्या वस्तूला एमआरपीहून किंवा ठरलेल्या मर्यादेहून जास्त आकारणी झाली असल्यास प्राधिकरणाच्या ‘फार्मा जन समाधान’ या ऑनलाइन सुविधेवर तक्रार करता येते.

प्रश्न : उपकरण कंपन्या डॉक्टरांना काय देतात, हे रुग्णाला कळू शकते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : भारतात नाही. अमेरिकेत २००७ साली कृत्रिम सांधे बनवणाऱ्या चार कंपन्यांनी, सल्लामसलतीच्या करारांआडून शल्यविशारदांना लाच दिल्याच्या आरोपांवर ३१.१ कोटी डॉलर भरून तडजोड केली. पुढे २०१० च्या कायद्याने औषध व उपकरण कंपन्यांना अशी देणी जाहीर करावी लागली आणि आज तेथील रुग्ण ‘ओपन पेमेंट्स’ या सरकारी संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव टाकून ती पाहू शकतो.

आपल्याकडे रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्यास वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मनाई केली. सप्टेंबर २०२४ मध्ये उपकरण कंपन्यांसाठी स्वतंत्र विपणन संहिताही आली; तिने डॉक्टरांना व त्यांच्या कुटुंबीयांना भेटवस्तू देण्यास मनाई केली आहे. परंतु तक्रारींची चौकशी उद्योगसंघटनांच्याच नीतिमत्ता समित्यांकडे सोपवलेली आहे, आणि कोणत्या डॉक्टरला किती मिळाले याची नाववार यादी जनतेसमोर मांडण्याचे बंधन कोणावरही नाही. माझ्या मते कायदा हवा तो नेमका या यादीसाठी, आणि तिच्यात रुग्णालयांना मिळणाऱ्या सवलतींचाही समावेश असलाच पाहिजे.