करोना झाला म्हणून डायलिसिस थांबवता येत नाही
वाचकांचे प्रश्न, मूत्रपिंडविकार तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा होते. मागील महिन्यात त्यांना ताप व खोकला आला आणि तपासणीत करोना निघाला. केंद्राला कळवल्यावर ‘बरे झाल्यावरच घेऊन या’ असा निरोप मिळाला. लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या, त्यांना दम लागू लागला, तेव्हा धावपळ करून दुसऱ्या रुग्णालयात सोय केली. आता प्रकृती ठीक आहे. आईचे म्हणणे असे, की आजार सांगितलाच नसता तर ही वेळ आली नसती. पुन्हा असे झाल्यास आम्ही काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या आईंचा उद्वेग अगदी स्वाभाविक आहे, तरीही आजार लपवावा असे मी कोणालाही सांगणार नाही. डायलिसिसच्या दालनात दहा-पंधरा माणसे एका वेळी चार-चार तास जवळजवळ बसलेली असतात, आणि त्यांतील प्रत्येकाची प्रतिकारशक्ती आपल्या वडिलांइतकीच क्षीण असते. महामारीच्या पहिल्या लाटेत युरोपातील नोंदींनुसार डायलिसिसवरील करोनाबाधितांपैकी दर पाच जणांमागे साधारण एक जण दगावला. लसीकरणानंतर हे प्रमाण बरेच खाली आले, पण या रुग्णांना असलेला धोका इतरांपेक्षा आजही जास्तच आहे. शिवाय तंत्रज्ञ किंवा सिस्टर आजारी पडल्या, तर संपूर्ण पाळीचेच वेळापत्रक कोलमडते.

मात्र केंद्राचा निरोप वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. इतरांना करोना झाला तर ते घरात बसून राहू शकतात. डायलिसिसच्या रुग्णाला ती मुभा नसते. दोन पाळ्या चुकल्या, की शरीरात पाणी साचते आणि रक्तातील पोटॅशियम वाढते. ते साडेसहाच्या पुढे गेले तर हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात आणि त्याआधी ठळक लक्षण दिसेलच असे नाही. नेहमीच्या आठवड्यातसुद्धा दोन पाळ्यांमधील जो मोठा खंड असतो, त्यानंतरच्या दिवशी हृदयविकाराचे व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. मग आजारपणात तो खंड पाच-सहा दिवसांवर जाऊ देणे किती धोक्याचे आहे, याची कल्पना येईल.

बाधित रुग्णाचे डायलिसिस कसे करावे याविषयीच्या सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच काढल्या होत्या. शक्य असल्यास वेगळी खोली द्यावी. ती नसेल तर दिवसातील शेवटच्या पाळीत, कोपऱ्यातील खाटेवर, इतरांपासून किमान दोन मीटर अंतर ठेवून उपचार करावेत, आणि नंतर खाट, यंत्राचा पृष्ठभाग व आसपासची जागा जंतुनाशकाने पुसून घ्यावी, अशी ही रीत आहे. हेपॅटायटिस बी असलेल्या रुग्णासाठी कायमचे वेगळे यंत्र ठेवावे लागते, कारण तो विषाणू रक्तातून पसरतो. करोना श्वासातून पसरतो. म्हणून त्याच्यासाठी राखीव यंत्राची गरज नसते, मास्क, अंतर आणि खेळती हवा यांची असते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे ‘आमच्याकडे वेगळे मशीन नाही’ हे कारण पुढे केले जाते. असे उत्तर मिळाल्यास नातेवाइकांनी केंद्राच्या मूत्रपिंडविकार तज्ज्ञांशी थेट बोलावे, पाळी कोणत्या दिवशी आणि कुठे होणार हे त्यांच्याकडून निश्चित करून घ्यावे, आणि सोय होत नसेल तर दुसऱ्या केंद्राच्या नावे चिठ्ठी व शेवटच्या डायलिसिसचा तपशील लेखी मागावा. ताप येताच, घरातून निघण्यापूर्वीच फोन करावा. थेट दारात जाऊन उभे राहिल्यास केंद्राला तयारीसाठी वेळ मिळत नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. इंदूरच्या केंद्रांत देवास, धार, महू अशा ठिकाणांहून रुग्ण येतात, आणि खर्च वाचवण्यासाठी तिघे-चौघे मिळून एक गाडी करतात. काच बंद केलेल्या त्या गाडीत तासभर एकमेकांना चिकटून बसणे, मग प्रतीक्षाकक्षातील गप्पा, आणि डायलिसिस चालू असताना मास्क खाली करून खाल्लेला डबा : संसर्गाची भीती यंत्रापेक्षा या तीन ठिकाणी अधिक असते. कोणाला ताप असेल त्या दिवशी त्याच्यासाठी वेगळे वाहन करावे, आणि साथ चालू असेपर्यंत खाणे पाळीच्या आधी किंवा नंतर उरकावे.

आता आपल्या वडिलांना जो दम लागला त्याविषयी. करोनात दम फुप्फुसे बिघडल्यामुळे लागतो आणि डायलिसिस चुकल्यावर तो पाण्यामुळे लागतो. दोन्ही एकत्रही असू शकते. मागील पाळीनंतरच्या वजनापेक्षा आजचे वजन दोन-तीन किलोने वाढले असेल, पायांवर सूज असेल आणि आडवे झाल्यावर श्वास कोंडत असेल, तर पाण्याची शंका आधी घ्यावी. डायलिसिसने पाणी काढूनही ऑक्सिजनचे प्रमाण ९४च्या खाली राहत असेल, तर छातीची तपासणी लांबवू नये. या रुग्णांत ताप फारसा चढेलच असे नाही. कित्येकांना नुसता थकवा, जुलाब किंवा अन्नावरची वासना जाणे एवढेच जाणवते.

आपण लिहिले आहे की आता प्रकृती ठीक आहे. तरीही वडिलांचे ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगातील जादा पाणी काढल्यानंतरचे वजन, पुन्हा तपासून घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आजारपणात जेवण तुटते, स्नायू झिजतात आणि अंगचे खरे वजन दोन-तीन किलोने कमी होते. केंद्रातील कागदावर मात्र जुनाच आकडा राहतो. त्या आकड्यापर्यंतच पाणी काढले, तर झडलेल्या मांसाच्या जागी तेवढे पाणी अंगात राहून जाते, रक्तदाब चढतो आणि पंधरा दिवसांनी रात्री धाप लागते. घरच्यांना वाटते, करोनाच पुन्हा उलटला. करोनातून बऱ्या झालेल्या रुग्णांत हा प्रकार मी वारंवार पाहिला आहे, आणि केवळ वजनाचा नवा आकडा ठरवल्याने तो टळतो.

औषधांविषयी थोडक्यात. तापावर पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. स्टेरॉइडचा उपयोग ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णालाच होतो. घरच्या घरी, विशेषतः मधुमेह असताना, ते घेणे घातक आहे. २०२१ साली स्टेरॉइडच्या बेसुमार वापरामुळे बळावलेल्या म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) आपल्या देशात किती जीव घेतले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

प्रश्न : माझे यजमान दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. करोनापासून बचावासाठी गुळवेलीचा काढा दिवसातून तीनदा आणि एक नारळपाणी असा क्रम सुरू करावा, असे नात्यातल्या सर्वांचे म्हणणे आहे. सकाळी पोह्यांवर शेव व जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) मात्र त्यांना हवेच असते. यात काय बदल करावा?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नारळपाणी पूर्ण बंद करावे. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आपल्याच देशातील आहेत, त्यामुळे तो काढाही नको. काढा निरुपद्रवी मानला, तरी त्याचे पाणी मोजावेच लागते. दिवसभरात जेवढी लघवी होते त्यात सुमारे अर्धा लिटर मिळवून दिवसाच्या पाण्याची मर्यादा साधारणपणे ठरवली जाते. यजमानांना लघवी फारशी होत नसेल, तर १५० मिलिलिटरचे तीन पेले काढा पिताच ती मर्यादा जवळजवळ संपते. मग पाणी, चहा, आमटी कशातून द्यायची? घसा शेकायचा असेल तर गरम पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि ते पाणी थुंकून टाकावे.

पोहे जरूर द्यावेत. शेवेतील मीठ आणि जिरावनातील काळे मीठ यांमुळे मात्र दिवसभर तहान लागते, आणि प्यायलेले पाणी पुढच्या पाळीपर्यंत अंगातच राहते. इंदुरी माणसाला जिरावन सोडायला सांगताना मलाही बरे वाटत नाही. पण धणे, जिरे आणि बडीशेप भाजून, मीठ न घालता घरी केलेली पूड चिमूटभर भुरभुरून पाहावी.

प्रश्न : डायलिसिसवरील रुग्णाने करोनाची लस पुन्हा घ्यावी का? लस घेतल्याने फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) बंद पडतो, असे आमच्या केंद्रात बोलले जाते.
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : लसीमुळे फिस्टुला बंद पडतो म्हणून ती टाळावी, याला आधार नाही. फिस्टुलाला खरा धोका आजारपणात रक्तदाब फार खाली जाण्यापासून असतो. जेवण कमी झालेले असताना रक्तदाबाच्या सर्व गोळ्या पूर्वीप्रमाणेच चालू ठेवल्या की तसे होते, म्हणून तापाच्या दिवसांत रोज रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवावा. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील ज्या सहव्याधिग्रस्तांना लस मिळू लागली, त्यांच्या यादीत डायलिसिसवरील रुग्ण होते. युरेमियामुळे, म्हणजे रक्तात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे, त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे कमी बनतात आणि लवकर घटतात. याच कारणाने हेपॅटायटिस बीची लसही त्यांना दुप्पट मात्रेत द्यावी लागते. तेव्हा शेवटची मात्रा घेऊन बराच काळ लोटला असल्यास पुढच्या मात्रेविषयी आपल्या तज्ज्ञांना विचारावे, आणि त्याच भेटीत फ्लू व न्यूमोनियाच्या लशींचीही चौकशी करावी. सुई फिस्टुला नसलेल्या दंडावर घ्यावी. त्यानंतरही नेहमीप्रमाणे रोज सकाळी फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर जाणवते ना, हे पाहावे, आणि ती थांबल्यासारखी वाटल्यास पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्र गाठावे.