वाचकांचे प्रश्न : कादंबरीची प्रसिद्धी आणि ‘बिग बॉस’

प्रश्न : माझी पहिली कादंबरी नुकतीच प्रकाशित झाली. स्वतःच्या पुस्तकाविषयी बोलताना मला संकोच वाटतो. प्रकाशकांनी मात्र ‘बिग बॉस मराठी’तील स्पर्धकांकडून प्रसिद्धी शिकावी, असे सुचवले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : सल्ला सरसकट नाकारण्यासारखा नाही. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’चा हा मराठी अवतार २०१८ साली आला. त्यात घरातले कॅमेरे दिवसरात्र चालू असले, तरी प्रेक्षकांपर्यंत निवडक भागच पोहोचतो. म्हणूनच ज्याचे बोलणे-वागणे दररोज ओळखू येईल इतके एकसारखे असते, तोच लक्षात राहतो. २०२४ च्या पाचव्या पर्वाचे विजेते सूरज चव्हाण समाजमाध्यमांवरील आपल्या ठसकेबाज बोलीसह घरात आले आणि त्यांनी ती बदलली नाही. लेखकानेही प्रकाशन समारंभापुरते न बोलता, कादंबरीतील गाव, माणसे, त्यासाठी केलेला अभ्यास यांविषयी आपल्याच भाषेत, थोडे थोडे पण नियमित लिहावे.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. स्पर्धकांचे समर्थक उघडपणे मत मागतात, आपण मात्र ‘पुस्तक विकत घ्या’ किंवा ‘ग्रंथालयात मागणी नोंदवा’ एवढेही म्हणत नाही. ते निःसंकोच म्हणावे.

भांडणे मात्र मुळीच उचलू नयेत. त्यांनी मिळालेली ओळख बहुधा पर्वाबरोबर संपते आणि कादंबरीला तर अनेक वर्षे वाचक हवे असतात.