संत्रा परदेशी पाठवायचाय? मग दुकानदाराची चिठ्ठी आधी फाडा

प्रश्न (काटोल तालुका): साहेब, बांगलादेशनं संत्र्यावर लावलेल्या आयात ड्यूटीचं कारण सांगून व्यापारी अंबिया बहाराचा संत्र्याचा बगीचा पडत्या भावात मागतो. दुबई-युरोपला माल पाठवावा म्हणतो. कृषी केंद्रवाल्यानं चिठ्ठीवर लिहून दिलंय, तोडणीआधी आठ दिवस क्लोरपायरीफॉस (कीटकनाशक) डबल मारा, सोबत जिब्रेलिक (वाढीचं संजीवक), फळ चकाकतं. मारू का?

उत्तर: नाही. एक थेंबही नाही.

ड्यूटीचं रडगाणं खरं आहे. २०१९ मध्ये किलोमागे २० रुपये होती, २०२३ मध्ये ८८ झाली. राज्यानं त्यातले निम्मे, म्हणजे ४४ रुपये अनुदान जाहीर केलं, पण ते निर्यातदारासाठी. तुम्ही इसार (आगाऊ रक्कम) घेऊन बगीचा विकला की त्यातलं तुमच्या हाती काही येत नाही.

आता युरोप. क्लोरपायरीफॉसला तिथं २०२० पासून मंजुरी नाही. फळात चालणारा औषधाचा अंश किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन संत्र्यात एक ग्रॅम! तपासणी सालीसकट होते, ‘आपण सोलून खातो’ हे तिथं ऐकत नाहीत. डबल डोसनं कीड दुप्पट मरत नाही, अंश मात्र जास्त दिवस राहतो. प्रोफेनोफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाचंही तेच. माल परत आला की दुकानदार ओळख दाखवत नाही, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

जिब्रेलिक फळगळीसाठी आहे, तेही वेळेत. शेवटी मारलं तर साल हिरवीच राहते, रंग लांबतो. चकाकी पॅकहाऊसमध्ये (माल निवडून भरतात तिथं) मेणाच्या थरानं येते, फवारणीनं नाही. परत सांगतो: तोडणीच्या तोंडावर फवारणी नको, डबल डोस तर कधीच नको, आणि लेबलवर संत्रा लिहिलेला नसेल तर ते औषध बगीच्यात आणूच नका.

फळमाशीला मिथाईल युजेनॉलचे (माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे आत्ताच लावा. अळी सापडली तर ड्यूटीचा प्रश्नच उरत नाही, अख्खी खेप अडते.

माझा आग्रह मात्र कात्रीवर. ओढून तोडलेल्या संत्र्याची साल देठाशी फाटते, तिथूनच हिरवी बुरशी शिरते. आपलं सैल सालीचं फळ लांबच्या प्रवासात तसंही नाजूक. दव सुकल्यावर, देठ फळालगत कापून तोडा, कॅरेटमध्ये ठेवा, पोत्यात नाही. मजूर कुरकुरतील, कुरकुरू द्या.

कागदपत्रं थोडक्यात: बगीच्याची निर्यातीसाठी नोंदणी तालुका कृषी कार्यालयात, फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, निर्यातदार काढतो. फवारणीची वही तुमची तुम्ही ठेवा: तारीख, औषध, मात्रा. आणि पक्कं बिल मागा. चिठ्ठीवर औषध देणारा बिल द्यायला का कचरतो, ते एकदा विचारून बघा.