बिअर आंबली का नाही?

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. घरी बर्लिनर वाइस ही आंबट बिअर करताना लॅक्टोबॅसिलस (आंबटपणा आणणारे जिवाणू) घालूनही दोन दिवसांत आंबटपणा आला नाही. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) नेहमीप्रमाणे उकळतानाच घातले होते. कोठे चुकले?

उत्तर : चूक हॉप्सचीच दिसते. त्यांतील कडू आम्ले या जिवाणूंची वाढ रोखतात. म्हणून माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) काढा आधी हॉप्सविना उकळून सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावा, जिवाणू घालून झाकून उबदार ठेवावा आणि पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितके आंबट) ३.३च्या आसपास उतरल्यावरच थोड्या हॉप्ससह पुन्हा उकळून, निववून यीस्ट घालावे. मोजणी पीएच मापकानेच करावी, कारण गोड काढ्यात जीभ फसते. रासबेरी हवी असल्यास मुख्य किण्वन ओसरल्यावर घालावी. मात्र फळातील साखर पुरती आंबण्यापूर्वी बाटल्या भरल्यास त्या फुटू शकतात.