वाचक विचारतात : टॉपमध्ये ६०० एमबी, मग कंटेनर का पडतो?

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर फोटो लहान करणारी आमची सेवा कंटेनरमध्ये (बाकी सर्व्हरपासून वेगळ्या, मर्यादा घातलेल्या खोक्यात) चालते. मेमरीची मर्यादा २ जीबी, स्वॅप (रॅममधलं डिस्कवर हलवायची सोय) बंद. टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) प्रोसेस ६०० एमबीच्या वर जात नाही, पण ‘मेमरी.करंट’ (कंटेनरची एकूण मेमरी दाखवणारी फाइल) कायम १.९ जीबीच्या आसपास असतं आणि अधूनमधून १३७ कोड (प्रोसेस सक्तीने मारल्याची खूण) देऊन कंटेनर पडतो. मेमरी गळतेय का?

उत्तर : ‘मेमरी.करंट’वरून गळती ठरवू नका. सीग्रुप व्ही२ (प्रोसेसच्या गटाची मेमरी मोजणारी आणि मर्यादा घालणारी लिनक्सची यंत्रणा) त्यात वाचलेल्या-लिहिलेल्या फाइलींचा पेज कॅशे (रॅममध्ये ठेवलेली प्रत), कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ग्रुपसाठी घेतलेली मेमरी, सॉकेटचे बफर, सगळं धरतं. दिवसभर फोटो वाचणाऱ्या सेवेचा कॅशे मर्यादेला भिडेपर्यंत फुगणारच. गरज पडली की कर्नल तो काढून घेतो.

आता ‘मेमरी.स्टॅट’मध्ये (त्याच मेमरीची फोड देणारी फाइल) ‘एसएचमेम’ची ओळ बघा. हा आकडा ‘फाइल’च्या ओळीतही मिळवलेला असतो, त्यामुळे तो कॅशेच वाटतो. कंटेनरमधलं टेंप फोल्डर टीएमपीएफएसवर (रॅममध्ये राहणारी फाइल सिस्टम) असेल, तर तिथल्या फाइली रॅममध्येच बसतात आणि ‘एसएचमेम’मध्ये मोजल्या जातात. स्वॅप नसल्यावर कर्नलला त्या हलवता येत नाहीत, आणि टॉपमध्ये त्या सहसा दिसत नाहीत. समजा अशा फाइली १.२ जीबी, प्रोसेसचे ६०० एमबी. उरले जेमतेम २०० एमबी. एक मोठा फोटो आला की संपलं! प्रोसेस मारली तरी फाइली तिथेच, म्हणून सेवा कंटेनरच्या आतच पुन्हा उठली तर पुन्हा मरते. टेंप फोल्डर डिस्कवर न्या, किंवा टीएमपीएफएसला ५१२ एमबीची साइझ द्या. मग निदान ‘जागा नाही’ अशी सरळ एरर येईल.

‘मेमरी.इव्हेंट्स’मधला (अशा घटना मोजणारी फाइल) ‘मॅक्स’ वाढला तर घाबरू नका, ती नुसती कुंपणाला धडक. ‘ओओएम_किल’ (मेमरी संपल्याने मारलेल्या प्रोसेसची मोजणी) वाढला तर बळी गेला.

प्रश्न : चालू सेवेची मर्यादा कमी कशी करावी?

उत्तर : ‘मेमरी.मॅक्स’ (कमाल मर्यादा) थेट खाली ओढू नका. तेवढी मेमरी परत घेता आली नाही, तर कर्नल तिथल्या तिथे प्रोसेस मारायला लागतो. आधी ‘मेमरी.हाय’ (त्याखालची सौम्य मर्यादा) उतरवा. तो ओलांडला तर प्रोसेस मंदावते, मारली जात नाही. ‘करंट’ खाली येऊन स्थिरावलं की मगच ‘मॅक्स’ला हात लावा. ‘हाय’ फारच कमी ठेवलात, तर सेवा मरतही नाही आणि काम उरकतही नाही. अशा वेळी ‘मेमरी.प्रेशर’मधल्या ‘फुल’च्या ओळीचे (मेमरीअभावी सगळं काम एकदम अडकलेला वेळ) आकडे चढलेले दिसतील.