विद्यार्थ्यांना कॉलेजचंच नेटवर्क तपासायला द्यावं का?

तिसऱ्या वर्षाच्या सायबर सिक्युरिटीच्या मुलांना कॉलेजचं नेटवर्क तपासायचंय, एचओडी कचरताहेत, सुरुवात कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. जरूर करू द्या. पण नेटवर्कवर पहिलं पॅकेट (डेटाचा तुकडा) सुटायच्या आधी परवानगीचा कागद हातात हवा.

माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ लागतं : ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरांनी वर्गात तोंडी ‘करा’ म्हटलं, एवढ्यावर मुलांना सोडू नका. प्राचार्य आणि सिस्टिम अ‍ॅडमिन दोघांच्या सह्या घ्या. कागदात मुलांची नावं, त्यांच्या लॅपटॉपचे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक), कोणत्या आयपी रेंज (नेटवर्कवरच्या पत्त्यांचे गट), कोणत्या तारखा, किती ते किती वाजता, हे सगळं लिहा. परीक्षा विभाग आणि अकाउंट्सची यंत्रं पहिल्या वर्षी वगळाच. ईआरपी, म्हणजे प्रवेश-फी-निकाल सांभाळणारं सॉफ्टवेअर, बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर प्राचार्यांची सही तिथे चालत नाही; त्या कंपनीची वेगळी लेखी परवानगी लागते.

वेळ कामाच्या दिवसातलीच ठेवा. रात्री किंवा रविवारी नेटवर्क मोकळं असतं हे खरं, पण यंत्रं जोडणारा एखादा नेटवर्क स्विच अडकला तर तो रीस्टार्ट करायला माणूस नसतो.

पहिल्या आठवड्यात फक्त मोजदाद. एनमॅप या नेटवर्क तपासायच्या सॉफ्टवेअरने पिंग स्कॅन करून (प्रत्येक पत्त्याला हाक मारून) जिवंत, म्हणजे उत्तर देणाऱ्या यंत्रांची यादी काढायची आणि ती अ‍ॅडमिनच्या रजिस्टरशी ताडायची. रजिस्टरात नसलेला राउटर, कुणी तरी लावून विसरलेला अ‍ॅक्सेस पॉइंट इथेच सापडतो. माझ्या मते मुलं सगळ्यात जास्त इथेच शिकतात.

मग पोर्ट स्कॅन, म्हणजे प्रत्येक यंत्राची कोणती दारं (पोर्ट) उघडी आहेत ते बघणं, तोही हळू. एनमॅपचा ‘मॅक्स-रेट’ हा वेगमर्यादेचा पर्याय ५०वर ठेवा. २५४ पत्ते, प्रत्येकी १००० पोर्ट, सेकंदाला ५० पॅकेट म्हणजे साधारण दीड तास लागतो, लागू द्या. वेग वाढवून एका व्हीलॅनमधून (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागातून) दुसऱ्यात स्कॅन केलं की छोट्या फायरवॉलचं कनेक्शन टेबल (चालू जोडण्यांची यादी) भरतं आणि अख्ख्या कॉलेजचं इंटरनेट बसतं. प्रिंटरचा ९१०० पोर्ट जपा. त्यावर जे येईल ते प्रिंटर छापतो, म्हणून पोर्टमागच्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन तपासताना एनमॅप हा पोर्ट स्वतःहून टाळतो. ‘ऑलपोर्ट्स’ हा पर्याय दिला की टाळत नाही, आणि ऑफिसात ट्रेभर कचरा छापून पडतो. जुनी बायोमेट्रिक हजेरी यंत्रंही साध्या स्कॅनने गारठू शकतात, ती यादीतून काढा.

त्यानंतर तीन गोष्टी बघायला सांगा : लॅबच्या व्हीलॅनमधून ऑफिसची यंत्रं दिसतात का, स्विचवर एसएनएमपीला (यंत्रांवर दुरून नजर ठेवायच्या सोयीला) ‘पब्लिक’ हा सर्वांना ठाऊक असलेला परवलीचा शब्द चालतो का, आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला (रेकॉर्डरला) कंपनीतून आलेलाच पासवर्ड आहे का. पासवर्ड अ‍ॅडमिनसमोर, एकदाच टाकून बघायचा. पासवर्डांचा मारा, सर्व्हर पाडून बघणं, शिक्षकांना फसवे मेल, हे सगळं बंद. विद्यार्थ्यांची माहिती उघडी दिसली तर तिथेच थांबायचं, नावं झाकून एक स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्याच दिवशी कळवायचं.

लॅपटॉपचं घड्याळ आणि फायरवॉलचं घड्याळ जुळवून घ्या, म्हणजे लॉगमध्ये (फायरवॉलच्या नोंदींत) मुलांचं काम वेगळं ओळखता येतं. खऱ्या घुसखोरीचा माग लागला तर मात्र तो अभ्यास राहत नाही : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते.

अहवाल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) एकच फाइल, आणि ती आधी अ‍ॅडमिनला. बहुतेक कॉलेजांत हा माणूस एकटा सगळं सांभाळतो. अहवाल थेट प्राचार्यांकडे गेला तर बोलणी त्याला बसतात आणि पुढच्या वर्षी त्याची सही मिळत नाही. त्याला दुरुस्तीला ३० दिवस द्या, मग त्याच मुलांकडून तेवढ्याच जागा पुन्हा तपासून घ्या.